आठव्या माणसाचे रक्त

थेंबाबाई, पूर्ण नावाने हाक मारली की मी रागावलो आहे असे तू समजायचीस. म्हणून, भेटेल त्याचे बोट टोचून रक्ताचा थेंब मागणाऱ्या तुला प्रयोगशाळेने जे नाव दिले, त्याच नावाने लिहितो. वकिलांना हे पसंत नाही. "साहेब, मृत्युपत्र मागे राहणाऱ्यांसाठी असतं, पुढे गेलेल्यांसाठी नाही." म्हणणे रास्त आहे, तरीही.

मी, वय एकाहत्तर, निवृत्त ग्रंथपाल, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना हा लेख करीत आहे. दुपारी मात्र हल्ली तरंगल्यासारखे होते. डोळे मिटले की सूक्ष्मदर्शकाखालचे गुलाबी आकाश उघडते, त्यातून जांभळे ढग सरकतात, आणि कुठूनशी तू मोजत असतेस, "तीन पाकळ्या... तीन... चार..." याने शुद्धीस बाध येत नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे.

१. राहते घर मुलीला. स्वयंपाकघरातील गळका नळ तिने दुरुस्त करावा. मी बारा वर्षे "उद्या" म्हणत आलो.

२. माझी पुस्तके मुलाला. त्याने नेलेले पुस्तक कधी परत आले नाही. आता तो प्रश्नच मिटला.

३. तुझा सूक्ष्मदर्शक, वह्या व काचपट्ट्यांच्या आठ पेट्या तुझ्या विद्यार्थिनीला. प्रयोगशाळेतली तुझी खोली आज तीच चालवते.

४. तुझ्या विभागप्रमुखांशी धरलेला एकोणीस वर्षांचा अबोला मी मागे घेत आहे. कारण नमूद करणे भाग आहे.

तुझे म्हणणे असे होते: अन्नातले फोलेट हे जीवनसत्त्व कमी पडले, तर रक्त कमी होण्याच्या कितीतरी आधी पांढऱ्या पेशींच्या केंद्रकांना जास्त पाकळ्या फुटतात, आजार दारात येण्यापूर्वीच ओळखता येतो. ते पडताळायला आठ जणांनी दहा आठवडे तीनदा उकळून पाणी फेकलेले अन्न खाल्ले. सात जणांच्या पाकळ्या पाच-सहावर गेल्या. आठवा तिनावरच राहिला. तो मी.

"अहो, तुमचं रक्तही तुमच्यासारखंच! नियम म्हणून सोडायचा नाही," असे म्हणून तू हसलीस.

प्रमुख हसले नाहीत. "बाई, हा आठवा माणूस तुमचा निकाल मोडतो." निबंध परत आला. तू तो कपाटात ठेवलास आणि पुन्हा बाहेर काढला नाहीस.

ग्रंथालयात, जुन्या नकाशांच्या कपाटामागे, मी रोज एक संत्रे खात होतो. ते अन्न भिजल्या कापसासारखे लागे. फळ म्हणजे काही जेवण नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. संत्र्यात काय असते, हे तुझ्याच निबंधाच्या दुसऱ्या पानावर होते. मी ते, निबंध परत आल्यावर वाचले. तोवर सगळे मला शिस्तीचा माणूस म्हणत होते, आणि मला ते आवडत होते.

५. हे कलम माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. कबुलीची सही केलेली प्रत आज मी तुझ्या विद्यार्थिनीच्या हाती दिली. तिने ती उभ्यानेच वाचली.

"काका, बाई तीन वर्षं त्या एका आकड्यावर डोकं फोडत होत्या!"

"हो."

"रोज खायचात? रविवारीसुद्धा?"

"रविवारी नाही. ती घरी असायची."

तिने तुझी वही उघडून आठ जणांचा तक्ता काढला. मी म्हणालो, "आठवी ओळ खोडून टाक."

"खोडायची कशाला? समोर लिहायचं, 'रविवार सोडून रोज एक संत्रे'. सातांना मिळालं नाही, त्यांच्या वाढल्या. एकाला मिळालं, त्याच्या नाही." मग आवाज चढला. "काका, बाईंचं बरोबरच होतं! तुम्ही एक शब्द बोलला असतात तर..."

ते वाक्य तिने पुरे केले नाही. मीही करीत नाही. निबंध ती पुन्हा पाठवणार आहे, तुझ्या नावाने. माझी कबुली सोबत जोडून. ती गाळू नये, ही माझी अट.

६. प्रमुखांच्या घरी मी उद्या जाईन. तत्पूर्वी मेलो, तर चौथे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. त्यांना कमी ऐकू येते.

साक्षीदार: प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ, शेजारचे औषधविक्रेते. विद्यार्थिनीस वाटा असल्याने तिची सही घेतलेली नाही. दोघांनी माझ्यासमोर, व मी त्यांच्यासमोर, सही केली.

स्थळ: पहिला मजला, तुझी खोली. नऊ जानेवारी, दुपारी चार वाजता.

खोलीला कुलूप लावले. तुझ्या नावावर राहिलेला किल्ल्यांचा जुडगा कार्यालयात परत केला. 'परत करणाऱ्याचे नाते' या रकान्यात 'पती' असे लिहिले.