पानाच्या बेचक्यातली दांडी

परंदवडी,
रविवार

प्रिय सारिका,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजवर नुसत्या दोन निळ्या टिका येतात, म्हणून शेवटी कागद घेतला. बारावीनंतर पहिल्यांदाच एवढं लिहितोय. शाळेतल्या निबंधासारखं झालं तर हसू नको. हसलीस तरी चालेल म्हणा.

आधी सांगतो, तुझं ऑर्किड जिवंत आहे. जिवंत म्हणजे मेलेलं नाही, एवढंच. तळेगावच्या पॉलिहाऊसमध्ये तू पॅकिंगला होतीस तेव्हा फाटक्या पानाचं म्हणून बाजूला काढलेलं ते रोप तू मागून आणलंस. आई म्हणाली होती, माती न्हाई काय न्हाई, नारळाच्या सोडणात आन् कोळशात कसलं झाड जगतंय. तू आपली आठ दिवसांनी एकदा कुंडी बादलीत बुडवायचीस आणि पुरती निथळल्याशिवाय खिडकीत ठेवायची नाहीस. तू गेल्यावर मी मात्र गुलाबाच्या सवयीनं रोज पाणी घातलं. खालची दोन पानं पिवळी पडून गळाली, मुळं काळी पडली. आता तुझ्यासारखंच करतो, पण हात लावायची धास्ती वाटते. बारा वर्षं गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये काढली, लांबून झाड बघून त्याला काय कमी पडलंय ते सांगतो मी, आणि घरातली एक कुंडी मला दाद देईना.

आबांच्या टपरीवर गर्दी आहे, आठ दिवस राहून येते, असं म्हणून तू माहेरी लोहगडवाडीला गेलीस, त्याला अडीच महिने झाले. मागच्या महिन्यात मी आलो होतो तेव्हा गड चढून आलेल्या पोरापोरींच्या बाकड्यावरच बसलो. तू पिठलं-भाकरी आणून ठेवलीस आणि अजून भाकरी देऊ का, एवढंच विचारलंस, सगळ्या गिऱ्हाइकांना विचारतेस तसं. आबा मला गाडी कुठं लावली ते दोनदा विचारत होते. मी दोन भाकऱ्या जास्तीच्या खाल्ल्या, कारण उठलो की निघावं लागणार होतं. पोट दुखलं रात्री.

पुण्याच्या डॉक्टरांनी बाळासाठीच्या उपचारांचं तिसऱ्या खेपेलाही जमलं नाही म्हणून सांगितलं, तेच तुला लागलं असेल असं आई म्हणत होती. मलाही तेच खरं वाटत होतं. खरं सांगू का, तसं धरून चालणं मला सोपं होतं, त्यात माझी काही चूक नव्हती.

मंगळवारी कामावर नव्या बायकांना शिकवत होतो, ज्या फुटीला कळी धरत नाही ती ओळखायची कशी आणि छाटायची कशी. बोलता बोलता आमचा रोजचाच शब्द तोंडातून गेला. लीलाबाई मावशींनी कात्री खाली ठेवली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "कैलासभाऊ, त्यो शब्द बायांच्यात नगा म्हणू. आन् तुमच्या घरात तर कवाच नगा." तू जायच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ डोळ्यांपुढं आली. चुलतभावाची बायको बाळाला घेऊन पहिल्यांदाच आली होती, बाळ माझ्या आईच्या मांडीवर होतं आणि तू ओट्याशी चहा गाळत होतीस. मी कामावरून आलो, खिशात कात्री तशीच. तुझ्या ऑर्किडच्या पानाच्या बेचक्यातून बोटभर हिरवी दांडी वर आलेली दिसली, कळीचा पत्ता नव्हता. सगळ्यांदेखत मी म्हणालो, "ही वांझ फूट हाय. ठिवून काय उपेग? नुसतं पानी खाती." आणि कापून टाकली. तू सगळ्यांना चहा दिलास, मलाही.

तुझ्याबरोबर कामाला असलेल्या स्नेहलला मी काल फोन करून ती दांडी कसली असेल ते विचारलं. ती फुलाची होती, सारिका. तीन वर्षांत पहिल्यांदा आलेली. आता काही करता येईल का म्हटलं, तर नाही म्हणाली. मी तो शब्द झाडाला म्हणालो होतो, तुला नाही, देवाशपथ. पण हे तुझ्यासमोर उभं राहून बोलायला मला तोंड नाही, म्हणून हे पत्र. ये म्हणायचा धीर होत नाही. ती दांडी कशाची आहे हे त्या दिवशी घरात फक्त तुला ठाऊक होतं. दोन पावलांवर उभी होतीस तू, आणि मी कात्री लावली तरी तू मला थांबवलं नाहीस.

तुझाच,
कैलास