मा टिनची शिकवणी

रंगून, ४ नोव्हेंबर १९२८
सोलापूर ते मद्रास आगगाडी, पुढे बोट. उतरले तेव्हा जमीन हलत होती, पण मन प्रसन्न होतं. शहर पट्टीने आखल्यासारखं आहे. रस्ते सरळ, त्यांना नावांऐवजी आकडे. दूरवर पॅगोड्याचा सोनेरी कळस. बायका दुकानं चालवतात, मनगटाएवढ्या विड्या ओढतात, कोणी वळून पाहत नाही. एकट्या बाईला एवढं पुरे. रिक्षावाल्याशी आमच्या विणकर शेजाऱ्यांच्या तेलुगूत बोलले. तो इतका हसला की रिक्षा थांबवावी लागली.

इथल्या बाळंतपणाच्या दवाखान्यात सुईण म्हणून रुजू व्हायचं आहे. खोली मा टिन नावाच्या विधवेकडे घेतली. ती मोडकं हिंदुस्थानी बोलते. ऊन, तवा, उशी, एकेकावर बोट ठेवून मराठीत काय म्हणतात ते विचारते. सांगितलं. उच्चार स्वच्छ आहेत.

७ नोव्हेंबर
दमले. हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते. सकाळी खिडकीतून — सूर्याचं ते, तापतं ते. शब्द आठवेना. डोक्याखाली घेतात त्या वस्तूचाही. थकव्याने होतं असं. मा टिन मात्र दोन्ही न अडखळता म्हणत होती.

९ नोव्हेंबर
पडताळा घ्यायचं ठरवलं. आज मुद्दाम एकच शब्द शिकवला, मला इथे न लागणारा: चाळणी.

१० नोव्हेंबर
पीठ जिच्यातून — ती. कालच्या पानावर माझंच अक्षर आहे. वाचता येतं, अर्थ लागत नाही.
मा टिनला तिची भाषा कोणती ते विचारलं. म्हणाली, होती एक. मीही इथे भाडेकरीण म्हणूनच आले होते. त्या वेळच्या मालकिणीने ती शिकून घेतली आणि बोटीने गेली.
तिला आता एकही शब्द सांगायचा नाही.

१३ नोव्हेंबर
सांगोल्याकडची मायाक्का बाळंतपणाला आली. नवरा गोदीत हमाल. आपल्याकडची भेटली म्हणून माझा हात सोडेना. ऐन वेळी तिला सांगायचं होतं, — कर, खाली — कर. शब्द नाही. खुणा केल्या. मूल वाचलं. नंतर ती शेजारच्या खाटेला सांगत होती, आमच्या मुलखाची म्हनं! तोंडात गुळणी धरून हुबी व्हती की भवानी.
घरी येऊन मा टिनला जाब विचारला. मी तर काही शिकवलं नव्हतं. ती म्हणाली, झोपंत लई बोलतीस की गं.
मराठीत. आमच्या आईच्या हेलात.

१५ नोव्हेंबर
तोंडाला पट्टी बांधून निजते. झोप लागतेच. सकाळी पट्टी डोक्याशी घडी घातलेली. नोकरी सोडली. उद्या बोट. घरी पोचले की सगळं परत —
आई. हा आहे अजून. म्हणून पाहिला.

१६ नोव्हेंबर, धक्क्यावर
तिकीटबाबू नाव-गाव विचारतोय. त्याशिवाय तिकीट नाही. गिरण्यांचे भोंगे, तळ्यातलं देऊळ, पेठेतलं आमचं दार. सगळं दिसतं. गावाचं नाव — माझं —
मागचे लोक ओरडले. बाजूला सरले.

मा टिन आली. तिने सांगितलं. माझं नाव. माझं गाव. स्वच्छ. बाबूने तिकीट तिलाच दिलं.

शिडीवरून वळून म्हणाली, येते गं. काळजी करू नको, —कडे मी आहे. कोणाकडे? तो शब्द मला —

भोंगा झाला. तिला थांबवायला ओरडले. तोंडातून जे निघालं ते शेजारच्या बर्मी केळेवालीला समजलं. मला