मखराखालची खसखस

लालबाग,
सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

प्रिय दादास,
अनुजाचा नमस्कार.

आम्ही दोघी मायलेकी बऱ्या आहोत. आईचा गुडघा पावसात कुरकुरतो, तोंड मात्र धडधाकट आहे. स्वप्नीलच्या निकालाचं कळलं, आत्याकडून शाबासकी दे. मेघनावहिनीलाही नमस्कार सांग, घेतला तर घेतला.

पत्र कशाला, फोन होता ना, म्हणशील. काल फोनच केला होता. तू माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस. कागद मधेच तोडता येत नाही, म्हणून लिहितेय. उद्या लॅबला जाताना तुझ्या टॉवरच्या वॉचमनकडे ठेवून जाईन.

तू काल म्हणालास, "तुमच्या चाळीतली वाळवी मखराला लागली, मखरातून आमच्या घरात आली. ह्यापुढे गणपती माझ्याकडेच बसेल. तू दर्शनाला येत जा." मी ऐकून घेतलं. आता तू ऐक.

एक वर्ष तुझ्याकडे, एक वर्ष माझ्याकडे, ही पाळी बाबांनी लावून दिली. नारळी पौर्णिमेला मखर पुढच्या घरी जातं, तसं यंदा ते तुझ्याकडून माझ्याकडे आलं. मी वहिनीने बांधलेलं प्लॅस्टिक सोडलं आणि आतून मूठभर बारीक दाणे सांडले. तपकिरी, अगदी खसखशीसारखे. डाव्या खांबाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं. खांब दाबला तर बोट आत गेलं. दादा, हे सगळं मीच तुला कळवलं. लपवायचं असतं तर गुपचूप झाडून टाकलं असतं. आणि तू त्याच कळवण्याचा दंडुका करून माझ्याच डोक्यात घातलास.

चाळीत वाळवी असते, मान्य. ती जमिनीतून येते, ओल शोधते, भिंतीवर मातीच्या नळ्या करत चढते. आपण लहानपणी त्या नळ्या नखाने फोडायचो, आठवतं? ही ती नव्हे. हिला माती लागत नाही, ओल लागत नाही. ही कोरड्या लाकडात शिरते, आतच संसार मांडते आणि विष्ठा भोकातून बाहेर ढकलते. तेच हे दाणे. लॅबच्या मायक्रोस्कोपखाली मी बघितले. प्रत्येक दाण्याला सहा बाजू, जणू कोणी तासून काढलाय. खसखस अशी नसते, आणि दाताखाली चुरते. हे चुरत नाहीत.

दाताखालचं तुला विचारायला हवं. गेल्या वर्षी तुझ्याकडे आरती झाल्यावर मखराखाली हेच दाणे पडले होते. वहिनी म्हणाली, "अगंबाई, मोदकातली खसखस सांडली." आणि तू ते बोटावर घेऊन प्रसाद म्हणून तोंडात टाकलेस. आपल्या घरात सारणात खसखस पडतेच, त्यामुळे कोणालाच काही वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. ते परवा रात्री ध्यानात आलं. गेल्या वर्षी तुम्ही मोदक बाहेरून मागवले होते, माव्याचे. त्यात कसली आलीय खसखस?

पाडव्याला तुझ्याकडे आले तेव्हा वहिनीच्या त्या जुन्या झोपाळ्याखालीही अशीच रास होती. चोर बाजारातून आणलेला, सगळ्यांना कौतुकाने दाखवता तो. गेल्या वर्षी मखर त्याच्याच शेजारी मांडलं होतं, तेव्हाचे दाणे झोपाळ्याचेच; मग वर्षभर ते तिथेच उभं होतं. तुझ्या खिडकीत जूनमध्ये पंख पडायचे, ते ह्याच वाळवीचे, तू पावसाळी किड्यांचे म्हणून झाडलेस. हिला एवढ्या उंचावर यायला लिफ्टही लागत नाही, लाकूड मिळालं की पुरे. माझ्या खोलीतलं एकूण एक लाकूड मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघितलं. दार, पोटमाळा, आईचा पलंग, सगळं भरीव वाजतं. तू तुझा झोपाळा ठोकून बघ.

मखराचं म्हणशील, तर ते मी बरं केलंय. खाल्लेला खांब कापून जाळला. गिरणीतल्या देवदारी खोक्यांच्या फळ्यांतून बाबांनी केलेला तो खांब होता, त्यामुळे करवत चालवताना मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. बाकीच्या भोकांत सिरिंजने औषध भरलं, मेणाने बुजवली, खाली पांढरा कागद अंथरला. दाणा पडला असता तर दिसला असता. अजून एकही पडलेला नाही. नव्या खांबाला सुताराकडून सागाचं लाकूड घेतलं आणि रंगाच्या आधी त्यालाही औषध पाजलं.

इथवर वाळवीचं झालं. आता खरं बोलू या.

फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "आणि तुझ्याकडे पूजेला बसणार कोण?" तेव्हा मला कळलं, पोखरलंय कुठे. बाबा गेल्यावर ही माझी पहिली पाळी. एरवी माझ्या पाळीला तेच पाटावर बसायचे, म्हणून तुम्हाला चालत होतं. नवरा सोडून आलेल्या बाईच्या हातची पूजा वहिनीच्या माहेरी पटत नाही, हे मी गेल्या वर्षी तुझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकलंय. तूही तिथेच होतास. तू पाण्याचा ग्लास भरून घेतलास आणि बाहेर गेलास. मला त्यांच्या बोलण्याचं काही नाही वाटलं, तुझ्या त्या ग्लासाचं वाटलं.

मी परत आले त्याच वर्षी बाबांनी पाळी लावली. तेव्हाही तू कुरकुरलास आणि बाबा म्हणाले, "गणपती काय तिच्या घोवाचो? आमचो. आणि चेडू पण आमचाच." नवरा सुटला तरी मुलगी ह्याच घरची, हे तू विसरलास. मी त्याच वाक्यावर इतकी वर्षं उभी आहे.

तर ऐक. मूर्ती कारखान्यात माझ्या नावाने सांगून ठेवलीय. बुधवारी सत्तावीसला गणपती माझ्या खोलीत, बाबांच्या मखरात बसणार. पाटावर मी बसणार. भटजींना विचारलं, ते येतो म्हणाले. नसते आले, तर मी पोथी समोर ठेवून केली असती. आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हितेंद्राक सांग, मोदक मी करतंय, खसखस घालून. खावचे तर ये."

आलास तर आरतीचं ताट तुझ्या हातात देईन, मनात काही ठेवणार नाही. नाही आलास तरी आरती वेळेवर होईल. विसर्जन झालं की सिरिंज घेऊन तुझ्या झोपाळ्याकडे येते. वहिनीला सांग, तोवर त्याच्यावर कोणी बसू नका, मोडेल.

तुझी धाकटी बहीण आणि यंदाची यजमान,
अनुजा कुशाबा राऊळ

ता. क. हो, राऊळच. आधार कार्डावरही आता हेच नाव आहे. गणपतीच्या आमंत्रणपत्रिकेवरही हेच छापलंय.