हौदाचे पुढचे पान

सर, तुमचे पहिल्या तासाचे कोडे मी अजूनही दर वर्षी नव्या संशोधकांना घालते. एकाच विषयावरची चार पुस्तके घ्यावीत. चारही लेखक तेच विधान करतात, चौघेही आधाराला एकाच जुन्या ग्रंथाचे तेच पान देतात आणि चौघेही त्या ग्रंथाचे प्रकाशनवर्ष चुकवतात, तेही अगदी सारखेच. चार स्वतंत्र माणसांना एकच चूक कशी सुचावी? मग कोणीतरी दबक्या आवाजात म्हणते, "मूळ पुस्तक कोणी पाहिलंच नसेल." मला दर वेळी ते नव्याने उमगल्यासारखा आनंद होतो. मी फळ्याकडे वळते आणि सांगू लागते की तळटीप ही विद्वत्तेची झालर नव्हे, तो पत्ता आहे. आपण वाचकाला म्हणत असतो, माझ्यावर विसंबू नका. या घरी जा, दार वाजवा आणि मी म्हणते ते तिथे खरोखर राहते का ते पाहा. आणि हा पत्ता आपण दुसऱ्याच्या पुस्तकातून उतरवला असेल, तर तसे लिहावे: अमक्यांनी उद्धृत केलेले, मी स्वतः न पाहिलेले. त्यात काहीही कमीपणा नाही.

तुमची सदाशिव पेठेतली खोली आठवते. मी महिनाभर खपून लिहिलेले प्रकरण तुमच्यापुढे ठेवते आणि तुम्ही ते वाचतच नाही. शेवटची पाने काढता, डोळे मिटता, एका टिपेवर बोट ठेवता आणि म्हणता, "उघडा."

"सर, ते पुस्तक ग्रंथालयात आहे."

"ग्रंथालय काही पळून जात नाही. आपण जाऊन या."

मी उन्हातून जाऊन येते, पान उतरवून आणते, विजयी चेहऱ्याने समोर धरते. तुम्ही चष्म्यावरून पाहता. "हे झालं. पुढचं पान?"

"पुढच्या पानाचा आधार मी घेतलेलाच नाही, सर."

"म्हणूनच विचारतोय. आपल्याला हवं ते वाक्य संपलं की लेखकही गप्प बसतो, असा आपला समज दिसतो."

आतून काकूंचा आवाज येतो, "अहो, तिला चहा तरी पिऊ द्या. चहाला संदर्भ लागत नाही." तुम्ही हसत नाही, पण बशी माझ्याकडे सरकवता. आधी चहा, मग पुन्हा ग्रंथालय.

आता माझ्याकडे एक विद्यार्थिनी आहे. विदर्भातून आलेली, तुमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे भरून राहणारी. तिचा प्रबंध पेठांमधल्या सार्वजनिक हौदांवर आहे. त्याचे तिसरे प्रकरण तुमच्या पुस्तकातल्या एका विधानावर उभे होते: पेठेतल्या एका हौदावर जातीचा भेद न मानता सगळे पाणी भरत. तुम्ही आधार दिला होता पाणीखात्यातल्या एका जुन्या अधिकाऱ्याच्या आठवणींचा. तुमच्यानंतर ज्यांनी ज्यांनी या हौदावर लिहिले, त्या सर्वांनी तुमचाच आधार दिला. मीही व्याख्यानांत ते विधान अभिमानाने सांगत आले. अर्थात तिलाही मी तुमचाच नियम शिकवलेला होता. ते आठवणींचे पुस्तक तिने महिनोन्महिने शोधले आणि अखेर ते बुधवार पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाले. गेल्या आठवड्यात ते घेऊन ती वारज्याला माझ्या घरी आली. टेबलावर ते पुस्तक पाहिले आणि सर, मला भीती वाटली. ज्या पुस्तकाचा हवाला मी इतकी वर्षे दिला, ते कधी समोर येईल असे मला वाटलेच नव्हते.

"मॅडम, पान सापडलं."

"विधान आहे?"

"आहे. सरांनी दिलंय तसंच."

माझा जीव भांड्यात पडला. मी चहा टाकायला उठले.

"मॅडम, पुढचं पान पण आहे."

ती सावकाश वाचत गेली. लेखक म्हणतो की ही हकिगत त्याने वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली आहे. त्याच्या स्वतःच्या नोकरीच्या काळात मात्र काही बायका हौदापासून लांब घागरी मांडून बसत आणि कोणी वरून पाणी ओतेपर्यंत वाट पाहत. वाचून झाल्यावर तिने पुस्तक मिटले नाही. म्हणाली, "माझ्या आजीला हे पान आवडलं नसतं, मॅडम. पण ओळखीचं वाटलं असतं."

तेव्हापासून एकच विचार मला सोडत नाही. एक तर तुम्ही ते पान उलटले नसेल, किंवा उलटून, वाचून परत मागे आला असाल. यांतले कोणते खरे ठरण्याची मला अधिक भीती वाटते, तेही मला ठरवता येत नाही.

तिची भीती सरळ होती. "बाहेरचे परीक्षक सरांचेच विद्यार्थी ना? तोंडी परीक्षेत मला उभं चिरतील." पळवाट होती, आणि ती मला तिच्याआधी दिसली. विधान तसेच ठेवायचे, आधार म्हणून फक्त तुमचे पुस्तक द्यायचे. नियमाप्रमाणे त्यात एकही चूक कोणाला काढता आली नसती. फक्त त्या बायका पुन्हा एकदा लांब बसल्या असत्या, या वेळी आमच्या हातून. मी म्हटले, "दोन्ही पानं दे. आणि आधीच्या अभ्यासकांनी पहिलंच पान घेतलं, हेही लिही."

"सरांचं नाव घालू?"

"घाल. पान क्रमांकासकट."

आज सकाळी तिने प्रबंध सादर केला. तोंडी परीक्षेला मी तिच्या शेजारी बसेन; परीक्षक प्रश्न तिला विचारतील आणि पाहतील माझ्याकडे. ते जे विचारतील त्याची उत्तरे मी आत्तापासून मनात रचते आहे आणि एकही पुरेसे वाटत नाही.

तुमची परीक्षा तशी सोपी आहे, कोणालाही घेता येईल. ज्या पुस्तकावर सर्वांत जास्त विश्वास आहे ते काढावे, डोळे मिटून एका तळटिपेवर बोट ठेवावे, तिथला पत्ता शोधून ते पान उघडावे आणि मग आणखी एक पान उलटावे. तळटिपेला पत्ता म्हणणाऱ्या मला तुम्ही हे जग सोडून गेल्यावर या पत्रावर घालायला मात्र पत्ता नाही, म्हणून हे इथेच राहील. तुमचे पुस्तक समोर आहे, सर. डोळे मिटून झाले, बोटही ठेवून झाले. ग्रंथालय संध्याकाळपर्यंत उघडे असते. मी अजून उठलेले नाही.