आता कॉम्प्युटर लगेच सुरू होतो

६ मे, मंगळ.
बटण दाबलं, चहा केला, प्यालो, कप विसळला. पडद्यावर अजून गोल फिरतंय. रविवारी मांजर्लीत सभा. नदीकाठी भराव टाकून इमारती, आणि पावसाळ्यात तळमजल्यांत पाणी. विमलने टाइप केलेलं नदीवरचं जुनं भाषण हवं. ती गेल्यापासून उघडलेलं नाही.

७ मे, बुध.
कॉम्प्युटरची पेटी मांडीवर घेऊन शेअर रिक्षाने कॅम्प तीनला, हरेशभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात. म्हणाले, "दादा, हे तुमच्या सभेसारखं आहे. आधी सगळ्यांचा सत्कार, मग मेन भाषण." चालू केलं की ढीगभर प्रोग्रॅम आपोआप उठतात. "इनको सुबह उठने मत दो, बस. लागेल तेव्हा उठवा. पण काढू नका हां." करून दाखवलं.

८ मे, गुरु.
स्वतःच बसलो. नुसतं झोपवून ठेवायचं ही तडजोड झाली. जे अडवतं ते मुळासकट उपटा, हे जन्मभर व्यासपीठावरून सांगत आलो. उपटलं. विमलचं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअरही; आता फोनवर बोललं तरी मराठी उमटतं.
चुटकीसरशी सुरू. खोलीत कोणी नसताना "वा" म्हणालो.
संध्या. – भाषण उघडलं. अक्षरांच्या जागी कंस, टक्क्यांची चिन्हं, उलटी प्रश्नचिन्हं. तिने टाइप केलेल्या सगळ्याच भाषणांचं तेच.

९ मे, शुक्र.
हरेशभाई फोनवर : "बोललो होतो ना. सॉफ्टवेअर के साथ उसका फॉन्ट भी गया, अब कौन देगा? बनवणारेच राहिले नाहीत."
बदलापूरला मुक्ताला सांगितलं. लेक म्हणाली, "बाबा, आईने टाइप केलं तरी तुम्हाला सगळं पाठ असतं. तुम्ही बोला, मी टाइप करते."

१० मे, शनि.
मुक्ता आली. मी बोलत गेलो, ती टाइप करत गेली. 'नदी काय तुमच्या बापाची' – इथे अडलो. हे माझं. विमल टाइप करताना असली वाक्यं न विचारता बदलायची. मला व्यासपीठावर कागद वाचताना कळायचं. घरी येऊन भांडण. "ताकद काढून घेतलीस." "ताकद ठेवलीय. थुंकी काढली."
टाळ्या नेमक्या तिच्या वाक्यालाच पडायच्या.
तिचं वाक्य काय होतं? मुक्ता थांबली होती. मला माझंच आठवत राहिलं.

११ मे, रवि.
मांजर्ली. गर्दी चांगली. त्या जागी आलो, गप्प झालो, पुढच्या मुद्द्यावर गेलो. नंतर एक जण म्हणाला, "सर, तो पॉज काय घेतलात." मान हलवली.

१३ मे, मंगळ.
हरेशभाईंचा निरोप. कॅम्पातल्या एका बंद छापखान्यात त्या फॉन्टची सीडी असेल, मालकाला विचारतायत. नक्की नाही.
सकाळी बटण दाबलं. आधण ठेवायच्या आत पडदा तयार. ती फाइल उघडून बसलो. चिन्हांचा एक जोड पुन्हा पुन्हा येतो. 'नदी' असावा. शेवटून तिसऱ्या परिच्छेदातही आहे, मी अडलो तिथेच. त्याच्या पुढे तिने काय लिहिलं, ते अजून चिन्हांतच आहे.