चेन माणूस बसवून बघायची असते

बाबा, खोट गाडीत होती. आईत नव्हती. एवढं एकच वाक्य लिहायला बसले होते, पण राग एका वाक्यात मावत नाही, म्हणून पुढचं लिहितेय. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. गेलेल्या माणसावर रागावू नये असं सगळेच सांगतात. मी रागावणार आहे. जिवंतपणी तुमच्यासमोर या घरात कुणाचा आवाज चढला नाही, ना माणसाचा ना गाडीचा. गाडी जरा कुरकुरली की तुम्ही पाना घेऊन बसायचात आणि आवळायचात. आम्ही कुरकुरलो तर पान्याचीही गरज लागायची नाही, नुसतं बघितलंत तरी पुरायचं.

तुमची मोटारसायकल इतकी वर्षं पडवीत पेंढ्याआड उभी होती. मी शहापूरला कामाला जाते आणि डोळखांबच्या एसटीच्या वेळा माझ्या ड्युटीशी जमत नाहीत, म्हणून गेल्या वर्षी ती बाहेर काढली. चेन गंजून काठीसारखी झाली होती. नवी चेन आणली, तिच्या दोन्ही दातेरी चकत्या नव्या आणल्या, आणि अंगणात बसून स्वतः बसवल्या, तुम्ही करायचात अगदी तशाच. गाडी मोठ्या स्टँडवर घ्यायची, चेनकव्हरचं रबरी बूच काढायचं, आत बोट घालून चेन दाबून बघायची. "बोटानं दबली तर ती चेन नाय, नाडी हाय," असं तुम्ही म्हणायचात. म्हणून मीही ती दबेनाशी होईपर्यंत आवळली. एकटी चालवायचे तेव्हा गाडी जराशी गुणगुणायची, बाकी गप. तेव्हा मला तुमचं कौतुकसुद्धा वाटलं होतं. ते परत घेते.

मग दिवाळीनंतर एकदा गिरणीतून तांदळाचं पोतं मागे बांधून आणत होते. चढण लागली आणि मागून तो आवाज आला. आधी करकर, मग तिच्या पोटातून बारीक किंचाळणं. इतक्या वर्षांनी ऐकला, पण लगेच ओळखला. गाडी थांबवली, पोतं उतरवून थोडी पुढे नेऊन बघितली. गप. पोतं पुन्हा बांधलं. पुन्हा तेच किंचाळणं. नवी चेन, नव्या चकत्या आणि आवाज मात्र जुनाच. त्या चढणीवर पोत्याशेजारी उभी असताना मला आईचं वाक्य आठवलं, आणि मग सगळा दिवसच आठवला.

म्हसा गावच्या जत्रेला निघालोय आपण. मी आठ वर्षांची, पुढे टाकीवर बसलेली, मधे तुम्ही, मागे आई नवं लुगडं नेसून. जत्रा करून सिद्धगडाच्या पायथ्याला तिच्या माहेरी मुक्काम करायचा, असं ठरलंय, आणि ती चार दिवस आधीपासून त्याच्याच गोष्टी बोलतेय. चढणीवर गाडी किंचाळायला लागते. वर चहाच्या टपरीशी तुमच्या ओळखीची माणसं उभी आहेत, बैलबाजाराला निघालेली. त्यातला एक विचारतो, "काय रं, गाडी का रडतेय?" तुम्ही गाडी थांबवता. आई खाली उतरून हळूच सांगते, "अवो, मी बसले कीच ती आवाज करते. उतरले की गप ऱ्हाते. जरा बघा ना." आणि तुम्ही तिच्याकडे न बघता त्या माणसांना सांगता, "गाडीत काय खोट नाय. मागला माल जड झालाय."

सगळे हसले. चाळीस-बेचाळीस किलोची बाई, बाबा. तिच्या दुप्पट वजनाची भाताची पोती तुम्ही त्याच सीटवर लादायचात. तेव्हाही गाडी ओरडायची, पण पोत्याला कुणी जड म्हटलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी. वर तुम्ही तिथेच गाडी स्टँडवर चढवून चेन आणखी आवळलीत. चहा घेणारी माणसं बघत होती, आई डोक्यावरचा पदर सारखा करत होती. पुढे मुरबाडपर्यंत गाडी अशी बोंबलत गेली की बाजारातली माणसं वळून वळून आईकडे बघत होती. त्या दिवसानंतर ती तुमच्या मागे कधी बसली नाही. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत का.

पुढे दोन वर्षांनी आईच्या माहेराहून आजीचं जास्त झाल्याचा निरोप आला. तुम्ही गाडी काढलीत, हे मी नाकारत नाही. "बस," म्हणालात. "नको, तुमी व्हा पुढं," ती म्हणाली. ती फाट्यापर्यंत चालली, जीप भरायची वाट बघत बसली, मुरबाडला उतरून दुसरी जीप धरली. पोचली तेव्हा आजीला अंगणात निजवलेलं होतं. आईच्या तोंडात पाणी घालायला लेक पोचली नाही. आणि तुम्ही दिवसकार्याला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिलात, "मी गाडी काढली व्हती, हीच बसली नाय." मी दाराशी उभी राहून ते किती वेळा ऐकलं, ते मोजायचं मी सोडून दिलं.

पोत्याच्या दुसऱ्या दिवशी शहापूरच्या एका मेकॅनिकला गाडी दाखवली. त्याने बूच काढून बोट घातलं आणि माझ्याकडे बघितलं. "ताई, एवढी कोनी आवळली?" मी म्हणाले, मी. तुमचं नाव नाही घेतलं. तो म्हणाला, "स्टँडवर चाक लोंबतं, तवा चेन बरोबर वाटते. मागं वजन बसलं का चाक वर सरकतं, चेन ताणते. ढील नसंल तर ती जाईल कुठं? वराडनारच. चेन माणूस बसवून बघायची असते. अंगठ्याच्या पेराएवढी हलली पायजे." मग म्हणाला, चाक फिरवत चार ठिकाणी बघा, चेन सगळीकडे सारखी नसते, जिथे जास्त ताठ असेल तिथे ढील धरा. संपलं. पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटं आणि मागे बसायला एक माणूस, आणि माणूस तर टपरीशी उभंच होतं. नुसतं उभं नव्हतं, खोट कुठे आहे ते सांगतही होतं. मला वाटलं होतं, कारण कळलं की राग ओसरेल. तो त्या दिवसापासून खरा सुरू झाला.

मेकॅनिकला मी म्हटलं, राहू दे, घरी करते. कारण घरी काम अडलेलं होतं. मामा अंथरुणाला खिळलाय आणि बहिणीला आणा म्हणून सारखे निरोप येतायत. आईचे गुडघे आता फाट्यापर्यंतसुद्धा नेत नाहीत. आजीच्या वेळेसारखं पुन्हा होईल या धास्तीने तिला झोप नव्हती, पण गाडीवर बस म्हटलं की एकच उत्तर. "नको गो. मी बसले का ती वराडते. लोक वळून बघतात." अठ्ठावीस वर्षं झाली, टपरी गेली, तिच्यासमोर हसलेली निम्मी माणसं गेली, तुम्ही गेलात. तिच्या डोक्यात ते वाक्य आहे तिथेच आहे.

मी तिला म्हटलं, गाडी चालू करत नाही, मला वजन हवंय, नुसती बस. ती बसली, एका बाजूला पाय सोडून, सीटची कड घट्ट धरून. मी खाली बसून बोट घातलं, तर चेन सळईसारखी ताठ. नट सैल केला, ढील दिली, गाडी पुढेमागे ढकलत चार ठिकाणी बघितलं आणि करता करता तिला सगळं सांगितलं. तिने नीट ऐकलं. मग विचारलं, "मंजे कोनी बी बसलं असतं तरी?"

"पोतं ठेवलं तरी."

 दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा बांधून, लुगडं बदलून स्वतःच गाडीपाशी येऊन उभी राहिली. जत्रेच्या वाटेवरच्या त्याच चढणीला लागलो तेव्हा तिने माझा खांदा दाबला. "उतरू का गो?" मी नको म्हटलं. वर पोचलो. इंजिनाचा आवाज होता, वाऱ्याचा होता, बाकी काही नव्हतं. टपरी होती त्या वळणावर ती मागून म्हणाली, "मी तवाच सांगितलं व्हतं." रागाने नाही. कुणी वेळ विचारली आणि सांगितली, तसं. मग किन्हवली, सरळगाव, मुरबाड. बाजारात कुणीही वळून बघितलं नाही, हे मी आरशात बघून घेतलं. मामा तिची वाट बघत होता. तिने आपल्या हाताने त्याला पेज भरवली.

हे पत्र तुमच्या पान्यांच्या पिशवीत ठेवतेय, दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. पण वर मी एक गोष्ट अर्धी लिहिलीय. टपरीशी सगळे हसले, असं लिहिलंय. त्या सगळ्यांत टाकीवर बसलेली मीही होते, आणि तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघितलंत म्हणून मी जास्तच मोठ्याने हसले. मामाकडून परत येताना आईला हे सांगायचं ठरवलं होतं. गाडी गप होती, तिला एक न् एक शब्द ऐकू गेला असता. मी बोलले नाही.