पानं न धुता पाठवावीत

तळा, ५ सप्टेंबर २०२५

ती. नीराआत्यास,
कल्पिताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तू माझं पुरतं ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहिते. गुरुवारी मुख्याध्यापक माझा तास बघायला बसणार आहेत. तो जमला तर पुढच्या वर्षीही ठेवतील, नाहीतर पुन्हा तुझ्या वाडीत सुपाऱ्या वेचायला येईन.

धडा वनस्पती पेशीचा आहे. पेशीला बाहेरून ताठ भिंत, आत नाजूक पडदा आणि मध्ये पाण्याने भरलेली मोठी पिशवी असते, तिला रिक्तिका म्हणतात. ती भरलेली असली की पान ताठ राहतं. तुझ्या न्हाणीमागे वरून हिरवी, खालून जांभळी पानं आहेत ना, त्यांचा रंग त्या पिशवीतच असतो, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली सगळं छान दिसतं. थोडी पानं धनेशच्या टेम्पोतून शाळेत पाठव. किडकी नकोत, उन्हात ठेवू नकोस, धनेशला त्यांच्यावर बसू देऊ नकोस. काहीतरी सांगायचं राहिलंय असं सारखं वाटतंय.

लोभ असावा, आणि पानं ताजी असावीत.
तुझी कल्पिता

दिवेआगर, १० सप्टेंबर

चि. कल्पितास अनेक आशीर्वाद.

अक्षर अजून मी गिरवून घेतलं तसंच आहे, आणि घाबरणंही तसंच. मुख्याध्यापकांसमोर किडा निघाला तर नाव माझं जाईल, म्हणून पानं अळूसारखी चिरून, पालेभाजी धुते तशी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली. तशीच डब्यात भरलीत. धनेश म्हणाला, आता फोडणी तेवढी राहिली. मुख्याध्यापक जेवणारच असतील तर आधी कळवायचंस, खोबरं किसून दिलं असतं.

धीर सोडू नकोस.
तुझी आत्या

तळा, ११ सप्टेंबर

ती. आत्यास नमस्कार.

तुझी चिठ्ठी डब्याखाली होती, ती तासानंतर सापडली! डबा वर्गाच्या दारात मिळाला. भरल्या पेशी दाखवायच्या होत्या, तर भिंती जागच्या जागी आणि आतला जांभळा ऐवज आकसून मधोमध गोळा झालेला. मुख्याध्यापकांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, बाई, पेशीही तुमच्यासारख्या घाबरल्यात का? पोरं खदखदून हसली. मी डब्यातलं पाणी जिभेला लावलं. खारट!

खोटं बोलवेना. आमच्या आत्याने मिठात धुतलीत, मिठाने पेशीतलं पाणी बाहेर ओढलं, असं सांगितलं आणि काचेवर साध्या पाण्याचे थेंब सोडत राहिले. हळूहळू जांभळा रंग पसरत भिंतीला टेकला! सगळ्याच पेशी फुगल्या नाहीत. जिवंत होत्या त्याच. किशोरी नावाची मुलगी ओरडली, बाई, आमच्या काकडीच्या कोशिंबिरीला पाणी सुटतं ते असंच! सूक्ष्मदर्शकापुढे रांग लागली, आणि मुख्याध्यापक आपला नंबर संपल्यावर पुन्हा रांगेत उभे राहिले. जाताना म्हणाले, पुढच्या वर्षी हा धडा तुम्हीच घ्या.

आत्या, तरी यापुढे पानं न धुता.
तुझी कल्पिता

दिवेआगर, १५ सप्टेंबर

चि. कल्पितास आशीर्वाद.

म्हणजे मी नुसती पानं पाठवली असती तर कोण रांगेत उभं राहिलं असतं? हे तुझ्या साहेबांच्या कानावर घाल. त्यांच्यासाठी वाडीतल्या काकड्या पाठवते आहे. न धुता, न चिरता. मीठ वेगळ्या पुडीत आहे, जेवायला बसल्यावरच घालावं.

माया आहे तशीच आहे.
तुझी आत्या